सुभद्रेला कुणी विचारलं?

(वारंगा फाटा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली इथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मला इथे बालविवाहावर बोलायला बोलावलं आहे. कायदा काय सांगतो, तक्रार कुठे करायची, हे मी शेवटी सांगणारच आहे. पण आधी मी एका नाटकाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ही बाई विषय सोडून कुठे चालली? विषय सोडून नाही चालले. लग्नाच्या वेळी मुलीला विचारायचं असतं की नाही, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही. ते आपण जात्यावरच्या ओव्यांतून, पोथ्यांतून, तमाशातून आणि नाटकांतून शिकलो. तेव्हा तिथे काय शिकवलं जातं, हेही एकदा बघायला हवं.

माझं लाडकं नाटक म्हणजे ‘संगीत सौभद्र’. आमच्या घरी परभणी आकाशवाणी लावलेली असायची. तिच्यावरची नाट्यगीतं ऐकत ऐकत मी भाकरी थापायला शिकले. नाटक प्रत्यक्ष पाहायला मिळालं ते फार पुढे, नांदेडला. पण पदं तोंडपाठ होती.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. सुभद्रा ही कृष्णाची आणि बलरामाची बहीण. तिचं मन अर्जुनावर आहे. थोरला भाऊ बलराम मात्र दुर्योधनाला शब्द देऊन बसला आहे. दुर्योधन राजा, पैसेवाला, हत्ती-घोडेवाला. कृष्णाला बहिणीचं मन ठाऊक आहे, पण मोठ्या भावाशी समोरासमोर भांडण नको, म्हणून तो डाव टाकतो. घटोत्कच राक्षस सुभद्रेला उचलून रानात नेतो, तिथे अर्जुन असतो. पुढे अर्जुन संन्याशाचा वेश घेऊन द्वारकेत येतो. बलराम स्वतःच त्या संन्याशाला घरी ठेवून घेतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो. शेवटी लग्न होतं आणि सगळे खूश होतात.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक लिहिलं. 1882 साली पुण्यात त्याचे पहिले अंक रंगभूमीवर आले. किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. कानडी चाली त्यांच्या कानात बसलेल्या होत्या, त्या त्यांनी मराठी पदांना लावल्या. खरं म्हणजे आपलं सगळं संगीत नाटक परभाषेतलं नाटक पाहूनच जन्माला आलं आहे. 1842च्या सुमारास कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. पुढे किर्लोस्करांनी पारशी मंडळींचं उर्दू ‘इंद्रसभा’ पाहिलं आणि 1880 साली ‘शाकुंतल’ आणलं. भाषा कळली नाही म्हणून कुणी उठून गेलं नाही. उलट, पाहिलं आणि घरी येऊन आपलं केलं.

आपल्याला तर परभाषेचं भय वाटायचं काहीच कारण नाही. या फाट्यावर अर्धा तास उभं राहा. नांदेडचा रस्ता, हिंगोलीचा रस्ता, हदगाववरून नागपूरकडे जाणारा रस्ता. खिचडी खायला थांबलेल्या माणसांत मराठी ऐकू येते, तांड्यावरच्या बायकांची गोरमाटी ऐकू येते, ट्रकवाल्यांची हिंदी, दखनी आणि तेलुगू ऐकू येते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला आलेले पंजाबी लोक नरसीला नामदेवांच्या गावी जातात, कारण आपल्या नामदेवांची एकसष्ट पदं त्यांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 1948पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कोर्टाचं काम उर्दूत चालायचं आणि मोठ्या शहराला जायचं म्हणजे हैदराबादला जायचं.

त्याच हैदराबादला आम्ही चौघी एका बैठकीसाठी गेलो होतो. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेस धरली. धर्माबाद मागे पडलं, बासर आलं, पाट्या तेलुगू झाल्या आणि गोदावरी ओलांडली. बैठक संपल्यावर संध्याकाळी एक कार्यकर्ती म्हणाली, रवींद्र भारतीत सुरभीचं ‘मायाबझार’ आहे, चला. आमच्यापैकी एकीलाही तेलुगू येत नव्हतं. तरी गेलो.

ही सुरभी मंडळी कोण, ते ऐका. 1885 साली आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात सुरभी नावाच्या गावी वनारस गोविंदराव यांनी ही नाटक मंडळी काढली. ही सगळी घराणी मूळची आपल्याकडची, मराठी. पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहून तेलुगू नाटकं करतात, आणि घरात अजून आरे मराठी नावाची त्यांची बोली बोलली जाते. आधी ती चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करायची. मंडळी म्हणजे सगळं कुटुंबच. आजोबा पेटी वाजवणार, नातू वानर होणार, सून राणी होणार. आणि ऐका, त्यांच्याकडे पहिल्यापासून बायकांची कामं बायकाच करत आल्या.

तेव्हा आपल्याकडे काय होतं? आपली पहिली सुभद्रा होती भाऊराव कोल्हटकर. पुढे बालगंधर्व. बालगंधर्वांचं गाणं दैवी, त्याबद्दल वाद नाही. त्यांच्या शालूची आणि अंबाड्याची नक्कल पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका करायच्या. म्हणजे बाईने कसं दिसावं, कसं लाजावं, हे पुरुष दाखवणार आणि बायका ते उचलणार. बायकांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या निघाल्या, हिराबाई पेडणेकरांनी 1912 साली ‘संगीत दामिनी’ रंगभूमीवर आणलं, पण अशा बायकांकडे लोक कुठल्या नजरेने बघत ते मी सांगायला नको. 1929 साली हिराबाई बडोदेकर आपली मंडळी घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा कुठे घडी मोडायला लागली.

सुरभीत बाईला रंगभूमी मिळाली ती कुटुंबामुळे. पण कुटुंबातल्या कामाला सुट्टी नसते, हेही आपल्याला माहीत आहे. सुरभी कमलाबाई म्हणून मोठी नटी होऊन गेली. पहिल्या तेलुगू बोलपटात, ‘भक्त प्रल्हाद’मध्ये तिने काम केलं. तिच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात की तिची आई दिवस भरलेले असताना दमयंतीचं काम करत होती. रंगमंचावरच कळा सुरू झाल्या, पडदा पाडला आणि तिथेच पोर जन्मली. प्रेक्षकांना वाटलं, हा नाटकाचाच भाग. ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. मला ती ऐकून उसाच्या फडात बाळंत होणाऱ्या आणि चार दिवसांत पुन्हा मोळ्या उचलणाऱ्या आपल्या बायका आठवल्या. तिथे कौतुकही नसतं.

आता ‘मायाबझार’कडे येते. आम्ही बसलो, पडदा वर गेला आणि माझ्या ध्यानात आलं की ही पुढची गोष्ट आहे. ‘सौभद्र’मधली सुभद्रा आता मोठी झाली आहे. अर्जुनाशी लग्न होऊन तिला अभिमन्यू झाला आहे. बलरामाची मुलगी शशिरेखा, जिला आपण वत्सला म्हणतो, ती अभिमन्यूला द्यायची असं लहानपणीच ठरलेलं. पण पांडव द्यूतात हरले, राज्य गेलं, वनवासात निघाले. गरीब झाले. तेव्हा बलराम शब्द फिरवतो आणि मुलगी दुर्योधनाच्या मुलाला, लक्ष्मणकुमाराला, द्यायचं ठरवतो.

बघा, तोच बलराम आणि तेच दुर्योधनाचं घर. एका नाटकात बहिणीला तिकडे द्यायला निघाला होता, दुसऱ्यात मुलीला. मधे एक पिढी गेली, पण माणसाला काही फरक पडलेला नाही. सुभद्रा मुलाला घेऊन भावाच्या दारात येते, दिलेल्या शब्दाची आठवण देते, आणि अपमान घेऊन परत जाते. मला तेलुगूचा एक शब्द कळत नव्हता. पण माहेरच्या दारातून परत फिरणारी बाई कशी चालते, हे समजायला भाषा लागत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या मैत्रिणीने पदर डोळ्याला लावला. तिची वाटणीची केस कोर्टात चालू होती.

नाटकात गंमत पुष्कळ. आगीचे बाण उडतात, माणसं हवेतून जातात, घटोत्कच जेवायला बसतो तर लाडू आपोआप उडत त्याच्या तोंडात जातात. पोरं टाळ्या पिटत होती, आम्हीही पिटल्या. पण गाण्याचे शब्द कळेनात, त्यामुळे मी बघत राहिले. आपल्या भाषेतलं आवडतं पद लागलं की कान इतका भरून जातो की रंगमंचावर कोण कुणाकडे तोंड करून उभं आहे, हे दिसत नाही. इथे तेच दिसत होतं. शशिरेखा आपलं दुःख गाते ती प्रेक्षकांकडे बघून. सखीला सांगते. बाप आला की मान खाली. बाप येतो, ठरवतो, जातो. तिच्याकडे एकदाही वळून विचारत नाही.

माझ्या डाव्या हाताला हैदराबादची एक म्हातारी बाई बसली होती. आम्हाला भाषा येत नाही हे तिच्या लक्षात आलं. ती अधूनमधून दखनीत समजावून सांगायला लागली. त्या प्रसंगाला ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “छोकरी नक्को बोल री. पन कोई सुन्ताइच नै.”

नक्को. मैत्रिणींनो, हा शब्द आपला आहे. आपलं ‘नको’ दखनी भाषेने उचललं आणि आज सगळं हैदराबाद ते बोलतं. चहा नक्को, पान नक्को, झगडा नक्को. आपल्या भाषेने शेजारच्या भाषेला नकाराचा शब्द दिला आणि तो शेकडो वर्षं टिकला. आता आपल्या घरातल्या पोरीच्या तोंडी तोच शब्द आला तर त्याला किती वजन आहे? त्या बाईने एका वाक्यात दोन्ही नाटकं सांगून टाकली.

कारण पुढे बघा काय होतं. दोन्ही नाटकांत मुलीची सुटका होते. कशी होते? ‘सौभद्र’मध्ये घटोत्कच सुभद्रेला झोपेत उचलून नेतो. ‘मायाबझार’मध्येही घटोत्कचच येतो आणि शशिरेखेला पलंगासकट झोपेतच नेतो. वाईट लग्न तिला न विचारता ठरलं होतं, आणि चांगली सुटकाही तिला न विचारता झाली. कृष्णाचा हेतू चांगला, घटोत्कच बिचारा प्रेमळ. पण पोरगी दोन्ही वेळा झोपलेलीच. जागी असून, आपल्या पायांनी चालत, बापासमोर उभी राहून ‘मला हे लग्न नको’ म्हणणारी मुलगी दोन्हीकडे नाही.

हां, ‘मायाबझार’मध्ये एक प्रसंग आहे, तो मला फार आवडला. शशिरेखेच्या जागी घटोत्कच तिचं रूप घेऊन मांडवात बसतो आणि नवरदेवाची पुरती फजिती करतो. आता सुरभीत ते काम शशिरेखा झालेली नटीच करते. म्हणजे एक बाई राक्षसाचं काम करते आहे आणि राक्षस बाईचं सोंग करतो आहे. तिची ती बदललेली चाल, ती धाक घालणारी नजर! नवरदेव दचकतो आणि सगळ्या बायका हसत सुटतात. तेवढी दहा मिनिटं ती मुलगी कुणालाही भीत नाही. मनात आलं, निर्भय व्हायला बाईला आधी राक्षस व्हावं लागतं का?

कुणी म्हणेल, ही पुराणातली नाटकं, त्यांच्याकडून काय अपेक्षा करता? मग सामाजिक नाटक घेऊ. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’, 1899 सालचं. पैशासाठी बाप कोवळ्या शारदेला म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. महाराष्ट्र त्या नाटकाने हलला. 1929 साली मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा कायदा झाला, तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून सारडा कायदा. पण आपल्याकडचे जुने लोक त्याला ‘शारदा कायदा’च म्हणत, इतकं ते नाटक लोकांच्या मनात होतं. तेलुगूतही गुरजाड अप्पारावांचं ‘कन्याशुल्कम्’ त्याच सुमाराचं, 1892चं. पोरीचे पैसे घेऊन तिला म्हाताऱ्याला देण्यावरचंच. म्हणजे दोन शेजारच्या भाषा एकाच दशकात एकाच दुखण्यावर बोट ठेवत होत्या.

पण ‘शारदा’तलं लग्न मोडतं कशामुळे? शारदा नको म्हणते म्हणून नाही. वधू आणि वर एकाच गोत्राचे आहेत हे उघड होतं म्हणून. शास्त्र आड आलं म्हणून ती वाचली. देवलांचा कळवळा खरा होता, आणि त्या काळात एवढं दाखवणं मोठंच होतं. तरीही मुलीच्या नकाराने लग्न मोडलं, असं दाखवणं तेव्हाच्या रंगभूमीला जमलं नाही.

आणि आज आपल्या गावात जमतं का? 2019 ते 2021च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांत जवळपास बावीसजणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. परभणी जिल्ह्यात हा आकडा निम्म्याच्या जवळ गेला. 1 मे 1999पर्यंत आपण परभणी जिल्ह्यातच होतो. जिल्हा वेगळा झाला म्हणून रीत वेगळी झाली नाही.

बलराम हा काही दुष्ट माणूस नाही. आपल्या घरातले बापही दुष्ट नाहीत. कारणं आपल्याला माहीत आहेत. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचं. पोरगी बारा-तेरा वर्षांची, तिला मागे कुणाकडे ठेवायची? बरोबर न्यावी तर कोपीला दार नाही. शाळा सातवीनंतर लांब, एसटी वेळेवर नाही. उशीर केला तर हुंडा वाढतो. त्यात मुकादमाचा हिशोब. तो माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा. लग्न केलं की कोयता पुरा होतो आणि उचल जास्त मिळते. उचल नवऱ्याच्या हातात पडते, राबणारे हात चार असतात. म्हणजे पोरीचं लग्न हा मजुरीचा व्यवहार झाला. हळद पिकवणारा आपला जिल्हा. उकडणं, वाळवणं, निवडणं बायकांच्या हाताने. पण तीच हळद पोरीच्या अंगाला कधी लागायची, हे ठरवताना त्या हातांना कुणी विचारत नाही. आईलाही विचारत नाहीत, पोरीचं तर लांबच.

म्हणून बालविवाह थांबवायचा म्हणजे फक्त वयाचा दाखला तपासायचा नाही. शाळा, वसतिगृह, एसटी, बाईच्या नावावर वेगळी मजुरी, हे सगळं मागावं लागेल. आणि त्याबरोबर मुलीच्या ‘नको’ला घरात वजन आणावं लागेल.

आता कायदा. 2006चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण हवं. लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, होऊ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बायकांना या कायद्यात तुरुंगवास नाही, दंड आहे. लग्न होणार असं कळलं तर कोर्टाकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि हुकूम मोडून लावलेलं लग्न रद्दबातल असतं. गावात ग्रामपंचायतीचा जो अधिकारी आहे, ज्याला आपण ग्रामसेवक म्हणतो, त्याच्यावर बालविवाह रोखण्याची जबाबदारी आहे. 1098 हा मुलांसाठीचा फुकट फोन आहे, तो पोरींना पाठ करून द्या. आणि एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. लहान वयात लग्न लागून गेलं असेल, तरी अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ती मुलगी कोर्टात जाऊन ते लग्न रद्द करून घेऊ शकते. म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत तिचं ‘नको’ कायदा ऐकून घेतो.

पण सावधही राहा. मुलगी आपल्या मनाने दुसऱ्या जातीतल्या मुलाबरोबर गेली की वयाचे हेच कागद घेऊन बाप पोलिसांत धावतो. ज्याने कधी वय मोजलं नव्हतं तो अचानक मोजायला लागतो. अशा वेळी संघटनेने कुणाच्या बाजूने उभं राहायचं? मुलीला एकटीला बसवून, घरच्यांना बाहेर ठेवून, आधी तिला विचारायचं. तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय आपणही कृष्णासारखे डाव टाकायचे नाहीत. आपण तिच्या भल्यासाठीच करतो आहोत, असं प्रत्येकालाच वाटत असतं.

शेवटचं सांगते. 1983 साली मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक उभं केलं. साध्या साड्यांतल्या बायका, ढोलकी, गाणी. ना पडदा, ना शालू. गावोगावी त्याचे प्रयोग झाले, इतर भाषांतही ते गेलं. त्यात बाई झोपलेली नव्हती, ती बोलत होती. ते पाहून कितीतरी गटांनी आपापली नाटकं केली.

माझी या मेळाव्याला एक विनंती आहे. तुमच्या गटात पोवाडा म्हणणाऱ्या आहेत, तांड्यावरच्या लेंगी म्हणणाऱ्या आहेत, भजनी मंडळाच्या आहेत. येत्या दिवाळीआधी, ट्रक भरायच्या आत, तुम्ही ‘सौभद्र’ची गोष्ट आपल्या बोलीत करा. मराठीत करा, गोरमाटीत करा, दखनीत करा. सुभद्रेचं काम शाळेतल्या पोरीला द्या आणि बलरामाचं काम तिच्या आईला द्या. घटोत्कच आला नाही तरी चालेल. फक्त एक प्रवेश नवा घाला. बलराम येतो, खाली बसतो आणि विचारतो, “बाई गं, तुझं काय म्हणणं आहे?”

ती काय उत्तर देते, ते तिचं तिला ठरवू द्या. लिहून देऊ नका. आणि प्रयोगाला गावातले बाप पुढच्या रांगेत बसवा.